उन्हाळ्यातलं गाणं हॉलमध्ये कोंडू नका

आज सकाळी ग्रुपवर मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. आमच्या भागात एप्रिलअखेरीला बागेत होणारी संगीतसभा यंदापासून वातानुकूलित सभागृहात. कारण? "रसिकांच्या सोयीसाठी." खाली लगेच अंगठ्यांची रांग. मला तर कुणी विचारलं नाही बाई. तुम्हाला कुणी विचारलं का?

उन्हाळ्यात बाहेर उकडतं, हे कुणी नव्यानं सांगायला नको. पण दिवसभर भाजून निघाल्यावर आठ-साडेआठला जी झुळूक येते, तिच्यासाठीच आपण खिडक्या उघडतो, शतपावलीला बाहेर पडतो, गच्चीत गाद्या टाकतो. अंगावर शाल नको, डोक्यावर छत्री नको. वर्षातली गाणं ऐकायची सगळ्यात चांगली वेळ ही. आणि नेमक्या त्याच वेळी माणसांना दारं बंद करून एसीत बसवायचं?

मला मिरजेची ती रात्र आठवते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं मामाकडे असायचो. लाइट गेलेली. आजीनं संध्याकाळीच गच्चीवर पाणी मारलं होतं, तरी शहाबादी फरशी पायाला कोमट लागत होती. मामाचे एक गवई स्नेही सतारमेकर गल्लीत जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवायला दिलेला तानपुरा न्यायला आले होते आणि गाडी चुकली म्हणून राहिले. जेवणं झाल्यावर तानपुरा गच्चीवर आला. पलीकडच्या वाड्यातला एक मुलगा तबला घेऊन आला. माईक कुठला असणार? उजेडसुद्धा एका कंदिलाचा.

हॉलवाल्यांना मी सांगते, त्या रात्री मी काय पाहिलं. हवा गार होत गेली तशा तानपुऱ्याच्या तारा चढायला लागल्या आणि तबला मात्र उतरायला लागला. तार गारव्यानं आखडते, कातडं हवेतला ओलावा धरून सैल पडतं. गवई डोळे मिटून तारांतले सूर जुळवायचे मणी सरकवत होते, तो मुलगा हातोडीनं तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत होता, आणि दोघं पुन्हा षड्जावर, म्हणजे 'सा'वर भेटले तेव्हा मामानं मांडीवर थाप मारली. असं गाणं ऋतूशी जमवून घेतं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. तुमच्या एसीच्या झोतातही तानपुरा बिचकतोच, पण तिथे तो यंत्राशी झगडत असतो.

आणि आवाज! दिवसा जमीन तापलेली असते, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. सूर्य मावळल्यावर जमीन लवकर निवते, वरची हवा त्या मानानं उबदार राहते, मग तोच आवाज खाली वाकून जमिनीलगत लांबवर जातो. वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र असलं की जास्तच. म्हणूनच त्या रात्री गल्लीच्या टोकापर्यंत गाणं पोचलं. आसपासच्या गच्च्यांवर झोपलेली माणसं उठून बसली. एक बाई तान्ह्याला खांद्यावर टाकून कठड्याला टेकून उभी होती, ती शेवटपर्यंत तशीच. हॉलच्या तिकिटाचे पैसे तिच्याकडे असते का? आणि त्या वेळी तान्ह्या बाळाला घेऊन हॉलमध्ये तिला आत तरी कुणी सोडलं असतं?

मिरजेत हे नवलाचं नव्हतंच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, आणि उरुसात तिथल्या चिंचेखाली त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. उरूस हिजरी पंचांगानं फिरतो, त्यामुळे काही वर्षं तो ऐन उन्हाळ्यात येतो. मोठेमोठे कलावंत तिथे हजेरी लावतात. समोर सतरंजीवर कोण बसलंय, सावकार की हमाल, हे कुणी बघत नाही.

आता दहाचा नियम. मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर आणि वाद्यं बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमावलीतला नियम. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. असावा. डीजेच्या भिंतींनी लोकांच्या छातीत धडधड होते, आजारी माणसं तळमळतात, ते मीही भोगलंय. पण रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवणाऱ्यांनी तानपुरा आणि डीजे एकाच दावणीला बांधले, याचं दुःख होतं. १९५३ साली भीमसेन जोशींनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, पहाटे ललत आणि भैरव ऐकून माणसं घरी जायची. तमाशाचंही तेच. चैत्रातल्या जत्रांमध्ये गण, गवळण, बतावणी होऊन वग रंगात येतो तेव्हा दहा वाजतात. त्या फडांची उन्हाळ्यावर वर्षाची भाकरी असते हो!

उन्हाळ्यात तर हा नियम जास्तच जाचतो. मे महिन्यात सूर्य मावळतो सातच्या आसपास, उकाडा सरतो आठला. त्यात आमचे आयोजक. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत, मग नगरसेवकांचं. गाणं सुरू होईतो साडेआठ! दीड तासात कलावंतानं काय गायचं? मालकंस मध्यरात्रीचा राग, तो नऊला उरकायचा. मामाच्या गच्चीवर मालकंस सुरू झाला तेव्हा कंदिलातलं तेल संपत आलं होतं. मामी खाली जाऊन बाटली घेऊन आली आणि पायरीवरच बसून राहिली, तेल घालायचं विसरून.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ज्येष्ठांना उकाडा सोसत नाही, वळीव आला की मांडव भिजतो, साउंडवाल्याचं नुकसान होतं. मान्य. वळवाचा अंदाज असेल त्या दिवशी आडोसा शोधा ना. त्यासाठी सगळा उन्हाळाच का सोडून द्यायचा?

पण एका गोष्टीवर मी गप्प बसणार नाही. याच नियमात सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. त्यातले दोन दिवस वैशाखातल्या गाण्याला का मिळू नयेत? गणपती आपले, नवरात्र आपलं, मग रात्रीचा राग काय परक्याचा आहे? आयोजकांनी कधी अर्ज तरी केला का? हॉल बुक करायला वेळ मिळाला, एक अर्ज लिहायला मिळाला नाही!

मी आज दुपारी दोन पत्रं लिहिली. एक समितीला: सभा बागेतच घ्या, भाषणं काढून टाका, सूर्य मावळताच गाणं सुरू करा. दुसरं जिल्हाधिकाऱ्यांना, त्या दोन दिवसांसाठी. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका, मी घरी येऊन सही घेईन.

आणि येत्या शनिवारी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसतोय. चेअरमनसाहेबांनी किल्ली दिली आहे. शेजारची मुलगी गाणार आहे, सूर्यास्ताच्या मारवा रागापासून सुरुवात, म्हणून पावणेसातला या. दहाच्या आत उठू. माईक नाही. तानपुरा आहे, तबलजी अजून मिळालेला नाही. काळी चार (तिची गायची पट्टी) सुरातला तबला असलेलं कुणी ओळखीत असेल तर आज रात्रीच कळवा.