लाईट गेली की गेटचं लॉक उघडतं? खुलासा

जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘लाईट गेली की इलेक्ट्रिक लॉक आपोआप उघडतं, आजच काढून टाका.’ अशी लॉकं मी स्वतः बसवतो, म्हणून लिहितोय.

चुंबकी लॉकबाबत हे खरं आहे. करंट असेपर्यंतच ते दार धरतं. आगीत माणसं अडकू नयेत म्हणून मुद्दामच तसं केलेलं असतं. त्याला बॅटरी बॅकअप हवाच. पण घराच्या गेटला बहुधा असतं ते १२ व्होल्टचं खटक्याचं लॉक, आणि त्याचं काम उलटं: बटण दाबलं की क्षणभर करंट मिळतो आणि खटका सुटतो. लाईट नसताना ते बंदच राहतं, किल्लीने उघडतं.

खात्री करायचीय? किल्ली खिशात घेऊन बाहेर थांबा, घरातल्या कुणाला तरी सप्लाय आणि बॅटरी दोन्ही बंद करायला सांगा, मग गेट ओढा. (कित्येकदा गेट खाली बसलेलं असतं, जीभ नीट अडकतच नाही आणि बोल मात्र विजेला!)

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.