दाजी, ते बघा!

समुद्रकिनाऱ्यावर सकाळी फिरायला जावं ते एकट्याने. माझ्यासोबत मेहुणा असतो आणि मेहुण्याच्या गळ्यात दुर्बीण.

"दाजी, ते बघा! त्या काळ्या खडकाच्या डावीकडे."

इथून तिथून सगळे खडक काळेच. डावीकडे म्हणजे कोणाच्या, हे विचारेपर्यंत पक्षी उडालेला असतो. पुढचा दिसला की दुर्बीण माझ्या हातात येते. उन्हाळ्यात उजाडतानाच घामाच्या धारा लागतात, त्यात भिंगांवर वाफ धरते. मला स्वतःची पापणी तेवढी दिसते.

"शेपटी पाहिलीत?"

"शेपटीच तर पाहिली!" मी ठोकून देतो.

परवा मात्र दुर्बिणीशिवाय एक चिखल्या दिसला. मुठीएवढा जीव, एक पंख फरफटत चाललेला. माझ्या पोटात कालवलं. मी पुढे सरसावलो, तर मेहुण्याने शर्ट धरून मागे ओढलं. "नाटक आहे ते! घरटं जवळ असलं की जखमी झाल्याचं सोंग करून आपल्याला लांब नेतो." घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा आणि अंडी वाळूच्याच रंगाची. आता पाऊल टाकायचं कुठे? बराच वेळ मी बगळ्यासारखा एका पायावर उभा. शेवटी आमच्याच पाऊलखुणांवर पाय देत माघारी आलो. चिखल्या तोवर ठणठणीत होऊन उडाला होता.

त्यापेक्षा ओहोटीला बिळातून निघणारे बारके खेकडे बरे. वाळू तोंडात घालायची, त्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं आणि उरल्या वाळूची गोळी करून टाकायची. बिळाभोवती गोळ्यांची नक्षी उमटते, भरती ती पुसून टाकते. फक्त जरा हललं की सगळे बिळात गुडूप. "दाजी, हलू नका!" नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत असताना हे ऐकायचं.

म्हणून मी हल्ली बार्नॅकल बघतो. खडकाला डोकं चिकटवून जन्म काढतो, पाणी आलं की कवचातून पाय बाहेर काढून अन्न तोंडात ओढतो. उडत नाही, पळत नाही, सोंगं करत नाही.

"याला काय बघायचं?" मेहुणा म्हणाला.

"डार्विनने १८४६ ते १८५४, आठ वर्षं यांचाच अभ्यास केला."

"आठ वर्षं? मग बसा तुम्ही. मी तेवढ्यात खाडीपर्यंत जाऊन येतो."