खुर्ची 36 अंश डावीकडे वळलेली आहे, आणि हो, फरक पडतो

आज सकाळी कुणीतरी 'स्टार ट्रेक'मधल्या 'एंटरप्राइझ' या अवकाशजहाजाच्या ब्रिजचा, म्हणजे नियंत्रणकक्षाचा, आराखडा टाकला होता. वरून पाहिलेला, हाताने काढलेला, एकेक पॅनेल जागच्या जागी. बघत राहावं असा. आणि खाली पहिलीच कमेंट काय? "जहाजच खोटं, मग खुर्ची कुठे का तोंड करेना!" त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

झालं. दिवस नासला.

माझ्या यादीतल्या लोकांना हे समजावायची गरज नाही, तरी लिहितोय, कारण कॅप्टनची खुर्ची कुठे तोंड करून आहे हा 'स्टार ट्रेक'मधला सगळ्यात मजेदार प्रश्न आहे आणि त्या हसणाऱ्यांपैकी एकालाही तो प्रश्न काय आहे हेच ठाऊक नाही.

तर ऐका. 1966 च्या मालिकेतलं मूळ जहाज घ्या. सॉसरच्या, म्हणजे पुढच्या बशीसारख्या चकतीच्या, माथ्यावर ब्रिजचा घुमट. घुमटाच्या मागे, अगदी मध्यरेषेवर, एक छोटी उभी नळी चिकटलेली. ती लिफ्टची, हे कुणीही सांगेल. दुसरं काय असणार तिथे? आता आत या. सेटवरचा ब्रिज गोल, दहा सारख्या भागांचा. 360 भागिले 10, म्हणजे एक भाग 36 अंशांचा. पुढे मोठा पडदा. पडद्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला, कॅप्टनच्या पाठीमागे, संदेश सांभाळणाऱ्या उहुराचं टेबल. आणि लिफ्टचं दार? ते शेजारच्या भागात. कॅप्टन पडद्याकडे तोंड करून बसला की त्याच्या डाव्या खांद्यामागे.

म्हणजे बाहेर नळी मधोमध आणि आत दार एक घर बाजूला. आता जुळवा.

जुळवायचं तर अख्खा ब्रिज 36 अंश डावीकडे फिरवावा लागतो. मग दार नळीला बरोबर भिडतं, पण पडदा, खुर्ची, कॅप्टन, सुकाणूवाले सगळे जहाजाच्या दिशेला तिरके बसतात. जहाज सरळ चाललंय आणि कॅप्टन बघतोय तिरका! 1975 साली फ्रान्झ जोसेफ यांनी या जहाजाचे मजल्यामजल्याचे आराखडे प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी हेच केलं: सरळ फिरवून टाकला ब्रिज. तेव्हापासून दोन तट पडले ते आजतागायत आहेत. एक तट म्हणतो, नळी दिसते तिथे लिफ्ट, विषय संपला. दुसरा म्हणतो, कुठल्या शहाण्याने कॅप्टनला तिरकं बसवलं असतं? नळी दुसऱ्या कशाची तरी असेल, लिफ्ट घुमटाच्या आतच मावते. मग पहिले म्हणतात, मावते तर माप दाखवा. मग माप निघतं, आणि मापातून घुमटाचा व्यास, व्यासातून जहाजाची लांबी, आणि लांबीतून पहाट.

मालिकावाल्यांनी एवढा विचार केला नव्हता, हे मान्य. सेटवर दार थोडं बाजूला असलं की कॅप्टन आणि आत येणारा माणूस दोघेही एका चौकटीत दिसतात, तेवढ्यावर काम भागलं. बरं मग? त्यांनी विचार केला नाही म्हणून आम्हीही करायचा नाही?

आणि हा विचार हवेतला नसतो, हे त्या हसणाऱ्यांना कोण सांगणार. अधिकृत लांबी 947 फूट, म्हणजे 289 मीटर. सॉसरचा व्यास 417 फूट, म्हणजे 127 मीटर. गुणोत्तर 0.44. पडद्यावरच्या चौकटीवरून काही मोजायचं असेल तर आधी हे गुणोत्तर तपासायचं. जहाज कॅमेऱ्याला बरोबर आडवं आहे असं वाटणारी चौकट निवडा, टोकापासून टोकापर्यंत पिक्सेल मोजा. लांबी 1000 पिक्सेल आली तर सॉसर 440 च्या आसपास यायला हवी. 480 आली की समजा जहाज किंचित वळलेलं आहे नाहीतर कॅमेरा फार जवळ आहे. जवळचं फुगतं, लांबचं आक्रसतं. ती चौकट फेकून द्या. निम्मी भांडणं इथेच मिटतील, पण नाही, लोकांना घाई.

दुसरी चूक याहून वाईट: एखादी खिडकी किंवा खिडकीतला माणूस धरून अख्खं जहाज मोजणं. खिडकी पडद्यावर भरते 6 पिक्सेल. तुमची नजर एका पिक्सेलने चुकली, तर 6 चे 5 किंवा 7 होतात. मग तेच 289 मीटरचं जहाज 347 चं निघतं किंवा 248 चं. एका पिक्सेलमागे एवढा फरक! आणि मग दोघेजण एकमेकांना मूर्ख म्हणत बसतात. दोघांचंही मोजमाप प्रामाणिकच असतं, फक्त पट्टी आखूड असते.

लांबीचं भांडण उगाच उकरून काढलेलं नाही, बरं का. 'गॅलिलिओ' नावाची छोटी शटल आठवा. संवादात ती 24 फुटांची, म्हणजे सव्वासात मीटरची. आतल्या सेटमध्ये माणसं आरामात ताठ उभी राहतात. बाहेरच्या प्रतिकृतीची उंची बघता ते शक्यच नाही, टाळकं छताला लागेल. आतलं खरं मानलं तर शटल मोठी करावी लागते. शटल मोठी केली की ती हँगरमध्ये, म्हणजे जहाजातल्या शटल ठेवायच्या जागेत, मावत नाही. हँगर वाढवला की 289 मीटर पुरत नाहीत. एक धागा ओढला की सगळं विणकाम हलतं, आणि माझ्यासारख्यांना नेमकं तेच आवडतं. 36 अंशांचंही तेच आहे. खुर्ची हलवली की माथ्यापासून तळापर्यंत लिफ्टचा रस्ता हलतो.

आता यादीतल्या दोनचार जणांच्या बोटांना खाज सुटली असेल: "काल्पनिक गोष्टींवर एवढा वेळ?" अरे, जहाज काल्पनिक असेल, भागाकार तर खरा आहे ना?

उदाहरण देतो. 1986 च्या चित्रपटात दोन हंपबॅक व्हेल क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या जहाजातून न्यायचे असतात. 'एंटरप्राइझ'चा इंजिनियर स्कॉटी कारखान्यात जाऊन विचारतो: 60 फूट बाय 10 फुटांचा प्लेक्सिग्लासचा पत्रा 18,000 घनफूट पाण्याचा दाब सोसेल, तर जाडी किती हवी? उत्तर येतं, 6 इंच. आता हा प्रश्नच चुकीचा विचारलाय. दाब पाण्याच्या घनफळावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. 10 फूट खोल पाणी, म्हणजे तळाशी दर चौरस मीटरला साधारण 3 टन, मग टाकी न्हाणीघराएवढी असो की तलावाएवढी. पत्र्याचं क्षेत्रफळ 56 चौरस मीटरच्या आसपास, सरासरी दाब दीड टन, एकूण रेटा जवळपास 85 टन. घनफळ कामाला येतं ते वजनासाठी: 18,000 घनफूट म्हणजे 510 घनमीटर, तितकेच टन पाणी, त्यात दोन व्हेल. तेही बसतात का बघा. 18,000 ला 60 गुणिले 10 ने भागलं तर तिसरी बाजू 30 फूट निघते. म्हणजे 18 मीटर लांब, 9 मीटर रुंद, 3 मीटर खोल. मोठा हंपबॅक 13 ते 15 मीटरचा. लांबीत बसतो, वळायला जागा नाही, आणि 3 मीटर पाण्यात पाठ उघडी पडायची. बिचारे.

एका विनोदी प्रसंगातून द्रवाच्या दाबाचा अख्खा धडा निघतो. हे रिकामटेकडेपण असेल तर असो.

त्याच क्लिंगॉन जहाजाचं, 'बर्ड ऑफ प्रे'चं, आणखी एक प्रकरण आहे. 1984 मध्ये ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा डझनभर माणसांचं छोटं जहाज. पुढच्या मालिकेत तेच मॉडेल वापरलं, पण 642 मीटरच्या 'एंटरप्राइझ-डी'शेजारी ते भलतंच मोठं दिसायला लागलं. मॉडेल एक, मापं दोन. मग तोडगा काय, तर हा वेगळा वर्ग! छोटं ते 'ब'रेल', मोठं ते 'क'वोर्ट'. तीच पिसं, त्याच खिडक्या, फक्त सगळं फुगवलेलं. इथे मात्र माझाही संयम सुटतो. जहाज दुप्पट केलं तर खिडकीही दुप्पट होते की नाही? क्लिंगॉन काय टाचा उंचावून बघतात त्यातून? आणि 2009 च्या चित्रपटाने तर नव्या 'एंटरप्राइझ'ला 725 मीटर करून टाकलं, तिचं इंजिनघर चित्रित केलं खऱ्याखुऱ्या बिअरच्या कारखान्यात, आणि वर आम्हीच किचकट ठरलो. मापं बेफिकिरीने बदलणाऱ्यांना कुणी हसत नाही. ती नीट लावायला बसणाऱ्यांना हसतात.

असो. रागाच्या भरात चांगली बाजू राहून जायला नको.

बदलाबदलीतही गंमत करता येते. 1967 च्या एका भागात 'कॉन्स्टेलेशन' हे उद्ध्वस्त जुळं जहाज लागत होतं. पैसे नव्हते. मग बाजारात मिळणारी एएमटी कंपनीची 'एंटरप्राइझ'ची प्लॅस्टिकची किट आणली, भाजून-मोडून तिची दशा केली, आणि डेकलचे, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रांतले, आकडे उलटसुलट लावले: 'एंटरप्राइझ'च्या 1701 चं 1017. संपलं. जोडीच्या जहाजाचा क्रमांक जवळजवळ सातशेने मागे का, याचं उत्तर लोक अजून शोधतायत: जुना सांगाडा नव्याने बांधला, क्रमांक वर्गानुसार दिलेच नव्हते, वगैरे. खरं उत्तर, डेकलच्या कागदावर तेवढेच आकडे होते. मला दोन्ही उत्तरं आवडतात, आणि एकामुळे दुसरं कमी होत नाही.

ती किट आजही बांधतात, म्हणून एक कामाची गोष्ट. जुन्या 1/650 मापाच्या किटमध्ये जहाज साडेचौरेचाळीस सेंटीमीटरचं होतं आणि तिचा नेहमीचा आजार म्हणजे मागचे दोन नॅसेल (इंजिनांच्या लांब नळ्या) कालांतराने खाली झुकतात. कारण साधं आहे: लांबलचक नॅसेल एका पातळ खांबावर, खांब इवल्याशा खाचेत, आणि सगळा भार त्या एका सांध्यावर. नुसत्या प्लॅस्टिक सिमेंटवर विसंबू नका. खांबातून पोटातल्या भागात आरपार पितळी सळई घाला, दोन्ही खांब आत एकमेकांना बांधा, दोन भागांचं इपॉक्सी भरा आणि पुरतं वाळेपर्यंत जहाज उलटं टेकवून ठेवा. वाळण्याआधी दोन्ही नॅसेलची पुढची आणि मागची टोकं टेबलापासून किती उंच आहेत ते पट्टीने मोजा. चारही आकडे जुळले पाहिजेत. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, डोळे नेहमी 'बरोबर आहे' म्हणतात. पोट चिकटवून बंद केल्यावर सळई घालायची आठवण येते, हा या छंदातला सनातन अपघात. 1/1000 ची किट घेतली तर जहाज 29 सेंटीमीटरचं, भार कमी, झुकणं कमी. पण तिथे एक मिलिमीटर म्हणजे खरा एक मीटर, त्यामुळे सांध्यावरची पुट्टी जाड राहिली की भिंगाशिवायही दिसते.

मूळ चित्रीकरणाचं मॉडेल मात्र 11 फुटांहून मोठं, जवळजवळ साडेतीन मीटरचं. त्याची डावी बाजू अपुरी आहे, ठाऊक आहे ना? आतल्या दिव्यांच्या तारा त्या बाजूने बाहेर काढल्या होत्या, म्हणून चित्रीकरण उजवीकडून. ते 1974 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं. 2015 मध्ये दुरुस्ती चालू असताना संग्रहालयाने जाहीर आवाहन केलं, की 1976 च्या आधीचे या मॉडेलचे फोटो कुणाकडे असतील तर द्या. कुणाला विचारलं? चाहत्यांना! खुर्ची कुठे तोंड करून आहे यावर रात्र काढणाऱ्या याच लोकांना. नासाच्या पहिल्या शटलचं नाव 1976 मध्ये 'कॉन्स्टिट्यूशन'ऐवजी 'एंटरप्राइझ' झालं तेही चाहत्यांच्या पत्रांच्या ढिगाऱ्यामुळे. (ती शटल अवकाशात कधी गेलीच नाही, फक्त वातावरणातल्या चाचण्या झाल्या. म्हणजे इथेही नशीब बघा.)

आणि ज्यांनी हे जहाज आखलं ते मॅट जेफरीज स्वतः वैमानिक. बाहेरचं कवच त्यांनी गुळगुळीत ठेवलं, कारण बिघडणारं यंत्र आतून हात पोचेल अशा जागी असावं. दुरुस्तीसाठी माणसाला बाहेर पोकळीत कशाला पाठवायचं? मालिकेतले कर्मचारी ज्या अरुंद बोगद्यांतून रांगत दुरुस्तीला जातात त्यांना 'जेफरीज ट्यूब' म्हणतात ते त्यांच्यावरूनच. न दिसणाऱ्या मेकॅनिकची काळजी करून काढलेलं जहाज आहे हे. हे वाचलं की माझा सकाळचा राग जरा उतरतो.

जरा. पूर्ण नाही.

आपल्यातलेही काही कमी नाहीत, हे कबूल. नवा मुलगा हौसेने काहीतरी विचारतो आणि आपण त्याला "आधी नोंदणी क्रमांक सांग" म्हणून पिटाळतो. ते बंद करा. पण त्याने 1017 बद्दल विचारलं तर उत्तर पूर्ण द्या, किटसकट.

आणि सकाळच्या त्या कमेंटवाल्यासाठी: खुर्ची 36 अंश डावीकडे वळलेली आहे. हे मान्य नसेल तर खाली या, भांडू. मात्र येताना हँगरचं माप घेऊन या, आणि चौकट निवडताना आधी ते 0.44 तपासा.