लेलँड यांचा १० नंबर

२००६ साली मी डेट्रॉइटजवळ राहायला आलो, आणि त्याच वर्षी जिम लेलँड इथल्या टायगर्स बेसबॉल संघाचे मॅनेजर झाले. २००३ मध्ये १६२ पैकी ११९ सामने हरलेल्या या संघाला त्यांनी पहिल्याच मोसमात वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, नेले. ३ ऑगस्ट २०२४ रोजी कोमेरिका पार्क या टायगर्सच्या घरच्या मैदानावर त्यांचा १० नंबर संघाने निवृत्त केला. टायगर्सचा कोणताही खेळाडू यापुढे तो घालणार नाही.

मॅनेजरच्या पाठीवर नंबर कसा, असा प्रश्न क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पडतो. बेसबॉलमध्ये मॅनेजर, म्हणजे आपला मुख्य प्रशिक्षक, खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. लेलँड स्वतः मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, एकही सामना खेळलेले नाहीत. टायगर्सच्याच कनिष्ठ संघांत कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू, म्हणून खेळून, तिथेच ते प्रशिक्षणाकडे वळले. आठ मोसमांत त्यांनी टायगर्सना ७०० विजय मिळवून दिले, मात्र २००६ आणि २०१२ अशा दोन्ही वर्ल्ड सिरीज संघाने गमावल्या. तरीही शहराने त्यांना हा मान दिला, याचे मला फार मोल वाटते. नंबर निवृत्त झाला त्या दिवशी प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेले आजोबा मांडीवरच्या स्कोअरकार्डवर पेन्सिलीने खेळाची नोंद ठेवायच्या तयारीत होते. लेलँड मैदानात येताच त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, टोपी काढली आणि बराच वेळ ते उभेच राहिले.

१० म्हटले की आपल्याला सचिन आठवतो, आणि मला २०१७ मधला वादही आठवतो. पालघरच्या शार्दूल ठाकूरने कोलंबोत एकदिवसीय पदार्पण करताना पाठीवर १० नंबर घातला, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि पुढे त्याने ५४ नंबर घेतला. भारतीय मंडळाने तोवर सचिनचा नंबर निवृत्त केल्याची घोषणा केलेली नव्हती, मग त्या मुलाने मोडले तरी काय? आदर खरा असेल तर मंडळाने तो आधी जाहीरपणे, मैदानावर, सर्वांसमक्ष व्यक्त करायला हवा होता. त्याचा भार एका नवख्या गोलंदाजाने सोसणे मला आजही अन्यायाचे वाटते.

मात्र मला त्याहून जास्त लागते ती सचिनचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांची गोष्ट. १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळालेल्या सरांचे २ जानेवारी २०१९ रोजी निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले नाहीत, त्यावरून टीका झाली, आणि शिवाजी पार्कवरील त्यांच्या स्मारकाचे अनावरण व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

डेट्रॉइटकडूनही अशी चूक झालेली आहे. १९८४ चे जगज्जेतेपद मिळवून देणारे मॅनेजर स्पार्की अँडरसन १९९५ नंतर निवृत्त झाले, पण त्यांचा ११ नंबर संघाने निवृत्त केला तो २०११ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. लेलँड यांच्या बाबतीत तसे घडू दिले नाही. ७९ व्या वर्षी ते स्वतः आपल्या नंबरासमोर उभे होते. ज्या मैदानावर सरांनी मुंबईच्या कित्येक पिढ्या घडवल्या, तिथे त्यांचे नाव त्यांच्या डोळ्यांदेखत कोरायला आपल्याला कशाची अडचण होती?