गाडीत पाणी आले म्हणजे बीडिंगच गेले, असे नव्हे

पावसाचे दोन-चार चांगले शिडकावे झाले की नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. जुन्या गाडीत पाणी येत असेल तर गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका, घरच्या घरी इलाज करा, असा त्याचा सूर असतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे: जिथे पाणी साचते तिथल्याच दरवाजाचे बीडिंग, म्हणजे कडेचे रबर, गेलेले असते, पाऊस नसताना पाणी दिसले तर ते एसीचेच, कारण नागपुरात हीटर कोणी लावत नाही, गळती सापडत नसेल तर वॉशिंग सेंटरवर प्रेशरने पाणी मारून पाहावे, तरीही सापडली नाही तर सगळ्या फटींत सिलिकॉन भरावे, तळाची रबरी बुचे काढून टाकावीत म्हणजे आलेले पाणी निघून जाईल, आणि शेवटी, दोन दिवस ऊन दाखवले की विषय संपला.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो आणि गॅरेजमध्ये अंदाजाने सुटे भाग बदलत राहण्याचा अनुभव पुष्कळांना आलेला असतो, हेही खरे आहे. परंतु हा संदेशही नेमका तोच दोष करतो. कारण शोधण्याआधी तो इलाज सांगतो. मॅटिंगखाली साचलेले पाणी तळाचा पत्रा खाते, काचांवर रोज सकाळी बाष्प धरते, बुरशीचा वास आणते. अनेक गाड्यांमध्ये वायरिंगचे जुडगे उंबऱ्यालगत मॅटिंगखालूनच जाते आणि एअरबॅगचे नियंत्रक यंत्र पुढच्या दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर बसवलेले असते. त्यामुळे चुकीच्या इलाजात गेलेला एक पावसाळाही महागात पडतो. म्हणून या संदेशातील प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा सर्वांत मोठा आहे, कारण बाकीच्या चुका त्यातूनच निघतात. पाणी जिथे साचते तिथेच ते आत शिरते, हे गृहीत चुकीचे आहे. आत शिरलेले पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूने, वायरीच्या अंगाने, अस्तराच्या आडून वाहत जाते आणि सर्वांत खोल जागी थांबते. गाडीच्या तळात पाय ठेवण्याच्या जागाच खोल केलेल्या असतात, त्यामुळे पाणी कुठूनही आले तरी बहुधा तिथेच दिसते. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब खांबाच्या आतून उतरून डॅशबोर्डखाली जातो आणि चालकाच्या पायाशी बाहेर पडतो. मॅटिंगखालचा नमदा, म्हणजे जाड मऊ थर, पाणी शोषून पुढून मागे नेतो, म्हणून मागच्या सीटसमोरची जागा ओली असली तरी दोष पुढे असू शकतो. गाडी उतारावर उभी राहत असेल तर तिचे तोंड कोणीकडे असते यावरही पाणी कुठे दिसेल हे ठरते.

दरवाजाचेच घ्या. दरवाजाच्या पोकळीत पाणी जाते, आणि ते जाणारच असे धरून दरवाजा घडवलेला असतो. काचेच्या बाहेरच्या बाजूची रबरी पट्टी पाणी निपटते, पण पूर्ण अडवत नाही. उरलेले पाणी काचेवरून दरवाजाच्या पोटात उतरते आणि खालच्या कडेला ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडते. आतल्या पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. पोटातले पाणी गाडीच्या आत येऊ न देता ते पुन्हा खाली वळवणे हे त्याचे काम. जुन्या गाड्यांमध्ये स्पीकर, सेंट्रल लॉक किंवा पॉवर विंडो बसवताना हा पडदा फाडला जातो आणि पुन्हा नीट चिकटवला जात नाही. त्यानंतर पावसाचे पाणी पॅडच्या मागून उंबऱ्याच्या आत उतरते आणि मालक मात्र बाहेरचे बीडिंग बदलत राहतो. पॅडची खालची कड फुगलेली किंवा ओलसर दिसली तर आधी इकडे पाहावे. काचेच्या बाहेरच्या पट्टीवर मगाने पाणी ओतावे. ते थोड्याच वेळात दरवाजाच्या खालच्या भोकांतून वाहताना दिसले पाहिजे. दिसले नाही तर भोके चिखलाने बुजलेली आहेत. भोकांतून पाणी वाहते आणि आतही ओल येते, अशी स्थिती असेल तर पडदा गेला आहे असे समजून पॅड उघडावे. तो पडदा ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) पुन्हा चिकटवणे हे अवघड काम नाही आणि खर्चिक तर नाहीच.

दुसरी जागा नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. वायपरच्या खाली, बोनट आणि पुढची काच यांच्यामध्ये जी जाळी असते, तिच्या खालच्या पन्हाळीला मेकॅनिक काऊल म्हणतात. काचेवरून उतरलेले सगळे पाणी या पन्हाळीत जाते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आत उतरून जमिनीवर पडते. सिव्हिल लाइन्स किंवा सेमिनरी हिल्स भागात झाडाखाली गाडी उभी करणाऱ्यांनी एकदा ही जाळी काढून पाहावी. फेब्रुवारी-मार्चमधली कडुनिंबाची पानगळ आणि नंतर गुलमोहराच्या बारीक पानांचा चुरा जाळीतून आरपार जातो, उन्हाळ्याच्या धुळीत मिसळतो आणि जूनच्या पहिल्या पावसात त्याचा घट्ट लगदा होऊन भोकांच्या तोंडाशी बसतो. पन्हाळ तुंबली की पाण्याची पातळी वाढते. ब्लोअर बाहेरची हवा ओढतो ते तोंड याच पन्हाळीत असते. पाणी त्या तोंडाच्या कडेवरून चढले की सरळ ब्लोअरच्या डब्यात पडते आणि तिथून डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी येते. माझ्या ओळखीतील एका कुटुंबाच्या जुन्या हॅचबॅकमध्ये अगदी हेच घडत होते. त्यांनी आधी दोन्ही पुढच्या दरवाजांचे बीडिंग बदलले आणि नंतर काचेच्या कडेला सिलिकॉन भरून घेतले. शेवटी जाळी उघडल्यावर लगदा हाताने काढला, भोकांत बोटभर जाडीची मऊ नळी फिरवली आणि पाणी थांबले. बीडिंग दोषी नसतेच असे मला म्हणायचे नाही. ते आक्रसते, कोपऱ्यात फाटते, कडक होते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी; ती जिथे काहीच अडथळा न होता सुटते तिथे रबराची पकड गेली आहे. मात्र असा पुरावा मिळाल्यावरच बीडिंग बदलावे.

पाणी डिकीत, स्टेपनीच्या खाली साचत असेल तर दरवाजांकडे वळण्याचे कारणच नाही. मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीचे रबर, मागच्या बंपरआडच्या हवेच्या झडपा आणि पत्र्याच्या जोडांवरचे तडकलेले सीलंट, एवढ्या जागा पाहाव्यात. छतावरच्या अँटेनाचे बूड आणि छताच्या कडेच्या पट्टीखालचा गंज हेही नेहमीचे संशयित आहेत. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीसारख्या गाड्यांत काच रबरी चौकटीत बसवलेली असते, तर नंतरच्या बहुतेक गाड्यांत ती सीलंटने चिकटवलेली असते. त्यामुळे काचेतून गळती असली तरी दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे.

दुसरा मुद्दा एसीचा. कूलिंग कॉइलवर जमलेले पाणी एका लहान नळीतून गाडीखाली पडते. ती नळी तुंबली की पाणी आत सांडते, हे संदेशात बरोबर आहे. हवा जितकी दमट तितके हे पाणी जास्त, म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये हा त्रास अधिक दिसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाचीही शंका येते. दोन्ही वेगळे करणे सोपे आहे. पाऊस नसलेल्या दिवशी एसी लावून गाडी अर्धा तास सुरू ठेवावी आणि खाली पाणी ठिबकते का ते पाहावे. ठिबकत नसेल आणि आतली जागा ओली होत असेल तर नळी साफ करावी. उलट एसी बंद असताना, केवळ पाऊस पडून गेल्यावर तीच जागा ओली होत असेल तर काऊलकडे वळावे.

परंतु हीटर लावत नाही म्हणून हीटर दोषी असू शकत नाही, हा तर्क धोकादायक आहे. अनेक गाड्यांमध्ये इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, गरम होऊन डॅशबोर्डमागच्या हीटर कोरमधून (हीटरच्या लहान रेडिएटरमधून) सतत फिरत असतो. बटण फिरवल्यावर फक्त हवेची झडप हलते. आपण हीटर वर्षभर लावला नाही तरी तो कोर गंजतो आणि पाझरतो. कूलंट बोटांना चिकट लागते, त्याला गोडसर वास येतो, बहुधा हिरवा किंवा गुलाबी रंग असतो, काचेच्या आतल्या बाजूस तेलकट थर चढतो आणि बोनटखालच्या टाकीतील पातळी हळूहळू उतरते. पांढऱ्या कापडावर टिपून रंग पाहावा. ते चाखून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये, कारण कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. शिवाय ही गळती दुर्लक्षित राहिली तर कूलंट संपून इंजिन तापते आणि मग प्रश्न ओल्या मॅटिंगपुरता राहत नाही.

तिसरा मुद्दा प्रेशरने पाणी मारण्याचा. वॉशिंग सेंटरच्या पंपाचा झोत धडधाकट रबराच्याही आड पाणी घुसवतो. पाऊस जिथून कधीच शिरणार नाही तिथून ते शिरते आणि तपास भलतीकडे जातो. त्यातही चारही बाजूंनी एकदम पाणी मारले तर कोणत्या जागेमुळे आत ओल आली हे कळण्याचा मार्गच उरत नाही. योग्य तपासणीला बागेचा साधा पाइप पुरतो, पुढचे नोझल काढलेला आणि धार मंद ठेवलेला. आधी मॅटिंग उचलून तळ पूर्ण कोरडा करावा. संशयाच्या जागांखाली, पत्र्यावर, टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा. मग एक जण टॉर्च घेऊन आत बसेल आणि दुसरा बाहेरून पाणी सोडेल. सुरुवात खालून करावी: आधी उंबरा, मग दरवाजाची खालची कड, मग काचेची पट्टी, मग काऊल, पुढची काच आणि सर्वांत शेवटी छत. प्रत्येक जागेला सात-आठ मिनिटे द्यावीत, कारण आतल्या वाटेने पाणी यायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या सगळ्या जागा भिजवतो आणि काहीच सिद्ध होत नाही. आत बसलेल्याला पावडरवर पहिला थेंब उमटलेला दिसतो आणि तिथून वर जाणारी ओलसर रेघ स्पष्ट कळते; त्या रेघेच्या वरच्या टोकाशी गळती असते. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय मला माहीत नाही.

चौथा मुद्दा सिलिकॉनचा आणि त्यावर मी स्पष्टच लिहितो: कारण न कळता फटींत सिलिकॉन भरणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करणे होय. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या साध्या सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते आणि ते उघड्या पत्र्याला गंजवते. त्यावर रंग धरत नाही आणि नंतर योग्य सीलंट लावायचे ठरवले तरी तेही चिकटत नाही, त्यामुळे आधीचा प्रत्येक कण खरवडून काढावा लागतो. सर्वांत वाईट म्हणजे उत्साहाच्या भरात दरवाजाच्या खालची भोकेही बुजवली जातात; मग पाणी पोटातच राहून दरवाजा आतून कुजतो. पत्र्याच्या जोडाला पॉलियुरेथेनचे जोड-सीलंट, काचेला काचेचे सीलंट आणि दरवाजाच्या पडद्याला ब्यूटाइल टेप, असा प्रत्येक जागेचा माल वेगळा आहे.

पाचवा मुद्दा तळाची बुचे काढण्याचा. ही भोके गाडी कारखान्यात रंगाच्या टाकीत बुडवल्यानंतर आतला रंग निथळावा म्हणून ठेवलेली असतात, पावसाचे पाणी सोडण्यासाठी नव्हे. साचलेले पाणी काढण्यापुरते बूच काढून लगेच परत बसवणे योग्यच आहे. ते कायमचे काढले तर चाकांनी उडवलेला चिखल, धूळ आणि सायलेन्सरचा धूर यांना आत येण्यास वाट मिळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना रस्त्यावरचे पाणी गाडीच्या तळापर्यंत किती लवकर चढते हे सांगावे लागणार नाही. तशा पुरातून गेलेली गाडी जुन्या बाजारात आली तर ओल गळतीची की पुराची, हेही तपासून घ्यावे: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का आणि सीटच्या रुळांखाली सर्वत्र सारखा गंज आहे का, ते पाहावे. गळतीचा गंज एका कोपऱ्यात असतो, पुराचा सगळीकडे.

शेवटचा मुद्दा दोन दिवसांच्या उन्हाचा. वरची मॅटिंग वाळते, हे खरे आहे. पण तिच्याखाली नमद्याचा किंवा फोमचा जाड थर असतो आणि तो मॅटिंगची रबरी पाठ व तळाचा पत्रा यांच्यामध्ये दबलेला असल्यामुळे त्याला हवाच लागत नाही. हाताला कोरड्या वाटणाऱ्या मॅटिंगखालचा नमदा पिळला तर अनेकदा धार लागते. बंद गाडी उन्हात ठेवली तर त्यातील वाफ रात्री काचांवर जमून पुन्हा खाली येते. म्हणून बॅटरीची ऋण तार काढून, काही मिनिटे थांबून, सीटा बाहेर घ्याव्यात. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यामुळे ही खबरदारी टाळू नये. नमदा बाहेर काढून पंख्याखाली टांगावा, पत्र्यावरचा गंज घासून प्रायमर आणि रंग द्यावा. मग लगेच मॅटिंग न टाकता पाइपची तीच तपासणी त्याच क्रमाने पुन्हा करावी आणि तळाला टेपने वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून एक-दोन जोराचे पाऊस जाऊ द्यावेत. पट्ट्या कोरड्या राहिल्या तरच मॅटिंग परत बसवावी.