पाच गिअर, एक बूट

दोन रविवार पार्किंगमध्ये उकिडवं बसून मी माझ्या जुन्या कॉन्टेसा गाडीच्या गिअरला नवा बूट चढवला आणि श्रेय गेलं तळमजल्यावरच्या काकांना. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, फोटोसकट. फोटोत काका ऐटीत स्टिअरिंगमागे बसलेत. माझे दाराबाहेर आलेले दोन पाय तेवढे दिसतात.

गिअरचा बूट म्हणजे दांड्याभोवतीची ती चुण्याचुण्यांची पिशवी. ती शोभेची आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलैत घोडबंदर रोडने तिच्याविना एक फेरी मारावी. या गाडीत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे गिअरबॉक्स थेट आपल्या डाव्या पोटरीशेजारी, पत्र्याच्या बोगद्याखाली. दांडा वर येतो तिथे पत्र्याला भोक. भोकावर रबराचा बूट, त्यावर दिसायला रेक्झिनचा. रबर ऑइलने आणि उष्णतेने चिरलं की खड्ड्यातलं पाणी, धूळ, गिअर ऑइलचा वास आणि भट्टीसारखी झळ असं सगळं विनातिकीट आत.

"काय चाललंय रे?" काका स्टूल घेऊनच आले होते.

"बूट बदलतोय, काका."

काकांनी डिकीकडे पाहिलं (इंग्रजीत तिलाही बूटच म्हणतात). "चांगला तर आहे."

"तो नाही. गिअरचा."

"गिअरला बूट?" काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किती नंबरचा?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"नंबर नसतो, काका."

"मग मापाचा आहे हे कसं कळणार? आणि एकच आणलास? जोडी नाही मिळत?"

"एकच लागतो."

"गिअर किती?"

"पाच."

"पाच गिअर आणि बूट एक," असं म्हणून काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू उरलेल्या चौघांना मी अनवाणी ठेवलंय.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. ही माहिती मला नव्हती, ती मिळाली. मी दांड्याच्या मुठीशी झटत असताना मागून आवाज आला, "नऊ बेचाळीसला सुरुवात. आता साडेदहा. मूठ अजून जागेवर."

मूठ आट्यांची असते आणि खाली लॉकनट असतो. आधी नट सैल करायचा, मग मूठ उलटी फिरवायची. हे मला माहीत आहे. पण "अठ्ठेचाळीस मिनिटं" असं कुणी कानाशी म्हटलं की माणूस थेट मूठच पिळतो आणि ती जागची हलत नाही. मग गंजावर स्प्रे, दहा मिनिटं थांबणं (तीही नोंदली गेली), नटाला पाना, मुठीला फडकं. प्लास्टिकच्या मुठीला पाइप पाना लावू नये, दात उमटतात.

कन्सोलचा, म्हणजे दोन सीटमधल्या झाकणाचा, एक स्क्रू ॲशट्रेखाली लपलेला होता आणि त्याचं डोकं घासून गुळगुळीत झालेलं. अशा वेळी स्क्रूवर रुंद रबरबँड ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबायचा, पकड मिळते. मिळाली. कन्सोल वर काढताना गिअर आणि हँडब्रेक दोन्ही वरखाली हलवावे लागतात, म्हणून चाकांना विटा हव्यातच. मी हँडब्रेक सोडला तर गाडी वीतभर पुढे गेली. मागच्या चाकाची वीट काकांनी पाय ठेवायला घेतली होती.

नवा बूट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा. "कॉन्टेसाचाच आहे, साहेब." नव्हता. पण बोलणार काय? गाडीचा मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सॉलचा, माझ्या गाडीचं १.८ लिटर इंजिन इसुझूचं जपानी घराण्यातलं, गाडी बनली बंगालात उत्तरपाड्याला, उत्पादन थांबलं २००२ मध्ये. सुटे भाग मिळत नाहीत आणि नोंदणी नूतनीकरणाची फी मात्र २०२२ च्या एप्रिलमध्ये ६०० वरून ५,००० झाली. भाग देऊ नका, निदान गाडी जपण्याचा दंड तरी घेऊ नका. असो.

तर तो बूट न्यूट्रलमध्ये झकास बसला. मी खूश. काकांनी वेळ लिहून घेतली. चौथा टाकला तर बूट ताणला आणि दांडा हळूच न्यूट्रलला परत. बूट आखूड किंवा जाड असला की तो रबरबँडसारखा दांडा मागे ओढतो. गिअर नीट बसत नाही, कधी चालत्या गाडीत सुटतो आणि आपण बिचाऱ्या गिअरबॉक्सवर संशय घेतो. म्हणून बूट बांधण्याआधी पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहायचे. मी बांधल्यावर पाहिले.

"मग बूट आहे ना?" काका म्हणाले. "बूटवाल्याकडे ने."

मी दुर्लक्ष केलं. आठवडाभर तीन सीट कव्हरवाल्यांकडे गेलो. तिघांचं उत्तर एकच: नुसता बूट करत नाही, पूर्ण गाडी करा. पावणेदोनशे चौरस सेंटिमीटरच्या भोकासाठी पाच जणांच्या बैठकीचं कातडं घ्यायचं. शेवटी शनिवारी संध्याकाळी, काका बघत नाहीत याची खात्री करून, जांभळी नाक्याजवळच्या चपलादुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो. मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. जुन्या रेक्झिनची शिवण उसवली, चार तुकडे सपाट केले, त्याबरहुकूम एक मिलिमीटर जाडीचं मऊ कातडं कापलं, उंचीला दोन बोटं वाढवली आणि नायलॉनच्या दोऱ्याने शिवलं. सुती दोरा घामाने, दमटपणाने कुजतो म्हणे. साडेतीनशे रुपये.

दुसऱ्या रविवारी काका स्टुलावर आधीच हजर.

आतल्या रबराला साबणाचं पाणी लावलं (ग्रीस नाही, साधं रबर त्याने फुगतं), कडेची खाच पत्र्यात चारी बाजूंनी बसवली. कातडी बूट चौकटीला डिंकवला. फेविबॉन्ड दोन्ही बाजूंना लावून दहाएक मिनिटं बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मगच दाबायचा. वर केबल टाय आवळला. तो बाहेरून दिसू लागला.

"लेस बांधलीस वाटतं," काका म्हणाले.

बूट आधी उलटा, मोज्यासारखा, दांड्यावर चढवायचा, टाय आवळायचा आणि मग बूट खाली ओढून सुलटा करायचा, म्हणजे टाय आत जातो. टाय कापला, सगळं पुन्हा केलं. पाचही गिअर, रिव्हर्स. दांडा जिथे ठेवला तिथे राहिला. मी पेडलपाशी पडलेला स्क्रू शोधायला वाकलो आणि तेवढ्यात काका गाडीत बसले. फोटो कुणी काढला ते अजून कळलेलं नाही.

फोटोखाली ओळ होती: "जांभळी नाक्याला बूटवाल्याकडे पाठवलं, काम झालं. एकूण वेळ आठ तास दहा मिनिटं." त्यांना ते कसं कळलं हेही कळलेलं नाही. खाली एकवीस अंगठे आणि दुसऱ्या मजल्यावरून विचारणा, "काका, आमच्या वॅगन आरला पण बसवाल का?"

काकांनी होकार दिलाय. येत्या रविवारी, नऊ बेचाळीस. विटा मी आणायच्या आहेत.