नऊ आठवड्यांचं पिल्लू नऊ तास थांबू शकत नाही

माझ्या भाचीने कुत्र्याचं पिल्लू आणलं. ती एकटी राहते, सकाळी साडेआठला घर सोडते आणि संध्याकाळी साडेपाचनंतर परतते. पिल्लू घरी यायच्या आदल्या आठवड्यात, पिल्लाला दिवसभर पिंजऱ्यात ठेवून शिस्त कशी लावायची, असा एक मेसेज तिला आला. मग तोच आणखी दोघांनी पाठवला. तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला म्हणजे खरा असणार, असं तिला वाटलं, आणि तिने त्यातलं अक्षरन् अक्षर पाळलं.

सहाव्या दिवशी मी तिच्याबरोबरच तिच्या घरात शिरले. पिल्लू भुंकलं नाही, कुईकुईही केली नाही. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात त्याने टॉवेल पंजांनी ओढून त्याचा ढीग केला होता आणि त्यावर चारही पाय जवळ घेऊन ते बसलं होतं, कारण बाकीचा ट्रे ओला होता. पोटाखालचे केस एकमेकांना चिकटलेले. जाळीला घासून घासून नाकाच्या शेंड्यावर सोललेलं. भाची कळवळून म्हणाली, "मावशी, हा शिकतच नाहीये गं. आठवडाभरात शिकतो असं लिहिलंय त्यात."

पिल्लाचं चुकतंय किंवा आपलं चुकतंय असंच तिला वाटत होतं. मेसेजच चुकीचा असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. गेली बारा वर्षं मी आईविना राहिलेली पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळते, आणि असे भिजलेले टॉवेल मी याआधीही धुतले आहेत.

मेसेज नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. त्याचं म्हणणं असं: कुत्रा हा गुहेत राहणारा प्राणी, त्यामुळे पिंजरा त्याला आवडतोच. झोपायच्या जागी तो घाण करत नाही, म्हणून आठव्या आठवड्यापासून आठ-नऊ तास क्रेटमध्ये, म्हणजे या दाराच्या पिंजऱ्यात, ठेवलं की शू रोखून धरायला आपोआप शिकतो. पाण्याची वाटी आत ठेवू नका. रडला तर लक्ष देऊ नका, तीन दिवसांत गप्प होतो. पिल्लं दिवसाचे वीस तास झोपतात, त्यामुळे त्याला काही कळतही नाही. चुकलं की शिक्षा म्हणूनही क्रेट वापरा. आणि शेवटी: जगभर हीच पद्धत आहे.

सगळ्यात आधी ते नऊ तास, कारण सगळं नुकसान तिथून सुरू होतं.

झोपायच्या जागी घाण करायची नाही ही ओढ पिल्लात असते, हे खरं आहे. साधारण तीन आठवड्यांचं झालं की पिल्लू आईच्या कुशीतून लडबडत थोडं लांब जातं आणि तिथे शू करतं. क्रेट ट्रेनिंगचा सगळा पाया या एका ओढीवर आहे. पण इच्छा असणं आणि जमणं यात अंतर आहे. नऊ आठवड्यांच्या पिल्लाचं मूत्राशय इवलंसं असतं आणि ते आवळून धरणाऱ्या स्नायूंवर त्याचा ताबा अजून आलेला नसतो. तो यायला पुढचे काही महिने लागतात. कोंडून ठेवल्याने स्नायू लवकर पक्के होत नाहीत.

अमेरिकेत १८६६ साली स्थापन झालेली एएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था क्रेट वापरण्याच्या विरोधात नाही. क्रेट कसा शिकवावा हे तीच समजावून सांगते. तिने वयाप्रमाणे एका वेळी जास्तीत जास्त किती वेळ ठेवावं ते दिलं आहे. ८ ते १० आठवडे: ३० ते ६० मिनिटं. ११ ते १४ आठवडे: १ ते ३ तास. १५-१६ आठवडे: ३ ते ४ तास. १७ आठवड्यांच्या पुढे ४ तासांहून थोडा जास्त, पण ६ तासांच्या वर कधीच नाही. पहिली ओळ पुन्हा वाचा. जिथे ही संस्था एक तास म्हणते, तिथे हा मेसेज नऊ तास सांगतो.

"वयाचे जितके महिने, तितके अधिक एक तास" हा हिशोब पाळीव कुत्र्यांच्या लोकांत सर्रास सांगतात. तो धरला तरी दोन महिन्यांच्या पिल्लाचे तीनच तास होतात. आणि तेही मूत्राशय कुठवर ताणलं जाऊ शकतं याचा अंदाज म्हणून. तेवढा वेळ रोज कोंडावं म्हणून नव्हे.

मी सांभाळलेल्या पिल्लांच्या नोंदी वहीत ठेवते. नऊ आठवड्यांच्या एका पिल्लाच्या पानावर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चौदा वेळा शू लिहिली आहे. उठलं की, खाल्लं की, खेळ थांबला की, कुणी दारात आलं की. हे त्या वयाचं नेहमीचं आहे, त्या पिल्लात काही बिघाड नव्हता.

मग नऊ तासांत ते काय शिकतं? पहिल्या दिवशी ते रोखतं, धडपडतं, ओरडतं आणि शेवटी जिथे झोपायचं तिथेच करतं. दुसऱ्या दिवशी थोडं लवकर करतं. चार-पाच दिवसांत ओल्यात बसणं हीच त्याची सवय होते. म्हणजे ज्या ओढीच्या जोरावर त्याला शिकवायचं होतं, तीच आपण मोडून टाकतो. विक्रीसाठी लहान पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना घरात शी-शूची शिस्त लावणं इतकं अवघड का जातं, याचं एक कारण हेच. शिवाय तासन् तास मूत्रात बसल्याने पोटाची आणि मांड्यांची कातडी लाल होते, चुरचुरते. भाचीच्या पिल्लाच्या पोटावर पुरळ होतं, ते तिला केस बाजूला केल्यावर दिसलं.

"पण रात्री तर तो पाच तास गप झोपतो," असं भाचीनेही मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. रात्री तो खात-पीत नाही, खेळत नाही, आणि झोपेत शरीर मूत्र कमी तयार करतं. दिवसा यातलं काहीच लागू नाही. रात्रीच्या आकड्यावरून दिवसाचा हिशोब करता येत नाही.

आता पाणी. हा मुद्दा वाचून मला खरोखर राग आला. ज्या पिल्लाला शू थांबवता येत नाही, त्याचं पाणीच बंद करायचं! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो आणि त्यात शरीरातलं पाणी जातं. घाबरलेलं पिल्लू सारखं धापा टाकतं. म्हणजे बंद पिंजऱ्यात, भीतीने धापा टाकत, पाण्याविना नऊ तास. झोपण्याआधी तास-दीड तास पाणी बेताने द्यावं असं पुष्कळ जण सांगतात, ते रात्रीसाठी ठीक आहे. त्याचा या सल्ल्याशी काही संबंध नाही. खाण्याचंही तेच: या वयात दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, आणि अगदी लहान चणीच्या जातींच्या पिल्लांची साखर उपाशी राहिल्याने इतकी उतरते की ती लटपटून कोसळतात. मेसेजमध्ये दुपारच्या खाण्याचा उल्लेखच नाही.

रडण्याबद्दल. घरी कुणी असेल, पिल्लाचं पोट भरलेलं असेल, शू झालेली असेल आणि ते केवळ बाहेर यायला म्हणून कुरकुरत असेल, तर क्षणभर गप्प होईपर्यंत थांबून मग दार उघडावं. हे बरोबर आहे, मीही तसंच करते. पण मेसेज हे घर रिकामं असताना करायला सांगतो. ऐकायलाच कुणी नाही, तिथे "लक्ष देऊ नका" याचा अर्थ काय होतो? एकटं पडलेलं पिल्लू आईला हाक मारतं. ही त्याची जगण्याची धडपड आहे, हट्ट नाही. तीन दिवसांनी ते गप्प होतं हे खरं असेलही. भाचीचंही गप्प झालं होतं. हाक मारून कुणी येत नाही एवढंच त्याला समजलं होतं. काही पिल्लं गप्प होत नाहीत: जाळी चावतात, नखं मोडून घेतात, तारांत जबडा अडकवून घेतात. गळ्यात पट्टा असेल तर तो अडकून फास बसू शकतो, म्हणून क्रेटमध्ये ठेवताना पट्टा काढायचाच. इतकी साधी सूचनाही त्या मेसेजमध्ये नाही.

गुहेचं थोडक्यात सांगते. लांडगीण पिल्लं घालायला बीळ करते किंवा शोधते. पिल्लं साधारण आठ ते दहा आठवड्यांची झाली की कळप त्यांना घेऊन ते बीळ सोडतो आणि उघड्यावर राहतो. मोठे लांडगे बिळात राहत नाहीत. म्हणजे निसर्गात ज्या वयात पिल्लू बिळातून कायमचं बाहेर पडतं, नेमक्या त्याच वयात हा मेसेज त्याला आत घालायला सांगतो. आणि बिळाला कडी नसते. कोपरा, आडोसा, डोक्यावर छत हे कुत्र्यांना आवडतं, एवढंच त्यातलं खरं.

पिल्लं अठरा-वीस तास झोपतात, हेही खरं. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते: अर्धा-पाऊण तास झोप, मग शू, खाणं, धावपळ, पुन्हा झोप. सलग नऊ तासांची नव्हे.

आणि जागेपणीचे ते तास फार मोलाचे असतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि तो १९६५ साली ग्रंथरूपाने आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, इतर प्राणी यांना आपलंसं करतं. त्यानंतर नव्या गोष्टीची भीती आधी येते आणि कुतूहल मागे पडतं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २००८ मध्ये जाहीर निवेदन काढून पहिले तीन महिने सर्वांत महत्त्वाचे असल्याचं सांगितलं. आता हिशोब करा. आठवड्याचे पाच दिवस, रोज नऊ तास, असे आठव्यापासून बाराव्यापर्यंतचे चार आठवडे म्हणजे १८० तास. जग ओळखायच्या दिवसांतले १८० तास ते पिल्लू एका जाळीकडे बघत काढतं. पुढे तेच कुत्रं पाहुण्यांवर धावून गेलं, एकटं सोडलं की दार ओरबाडायला लागलं, की लोक त्याच्या जातीला दोष देतात.

शिक्षा म्हणून क्रेट: नाही. जिथे त्याने निवांत झोपावं असं वाटतं, तिथे त्याला रागावून ढकलायचं नाही. याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

जगभर हीच पद्धत आहे, हेही खोटं. स्वीडनच्या नियमांप्रमाणे कुत्र्याला किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं, पिल्लांना त्याहून जास्त वेळा, आणि घरात रोजच्या रोज पिंजऱ्यात ठेवायला तिथे परवानगीच नाही.

क्रेट फेकून द्या असं मी म्हणत नाही. दवाखान्यात, प्रवासात, ऑपरेशननंतर विश्रांती हवी असताना ज्या कुत्र्याला क्रेटची सवय असते, त्याचे हाल कमी होतात. पण ती सवय दार उघडं ठेवून लावायची. खाणं आत टाकायचं, त्याला जाऊ द्यायचं, येऊ द्यायचं. मग तो खात असताना काही सेकंद दार लावायचं, मग मिनिटभर, मग पाच मिनिटं, तुम्ही समोर बसलेले असताना. नंतर खोलीबाहेर. याला दिवस लागतात, काहींना आठवडे. क्रेट एवढाच मोठा हवा की त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल.

ज्यांना दिवसभर बाहेर राहावंच लागतं, त्यांनी पिल्लासाठी प्ले पेन (जाळीचं मोकळं कुंपण) किंवा एखादी मोकळी, धोक्याच्या वस्तू काढलेली जागा अडवून ठेवावी. एका टोकाला उघड्या दाराचा क्रेट, मधे पाणी आणि चावायची खेळणी, दुसऱ्या टोकाला शूसाठी पॅड. म्हणजे झोपायची जागा कोरडी राहते. पण यानेही त्याचा एकटेपणा जात नाही. दर दोन-अडीच तासांनी कुणीतरी यावंच लागतं: शेजारी, नातेवाईक, पैसे देऊन ठेवलेला माणूस. पहिले आठ-पंधरा दिवस रजा काढता आली तर काढावी. यातलं काहीच शक्य नसेल, तर आठ आठवड्यांचं पिल्लू आत्ता आणू नये. मोठा, शांत स्वभावाचा, एकटं राहायची सवय असलेला कुत्रा घरी आणावा. हे मी भाचीलाही सांगितलं, आणि ती रडली. पण पिल्लू आधीच घरात होतं.

तिने दहा दिवसांची रजा घेतली. आता शेजारच्या आजी सकाळी अकराला आणि साडेतीनला येतात, मधे दीडला ती स्वतः घरी धावत येते. पोटावरचं पुरळ गेलं, नाकावर खपली धरून पडली. ओल्यात झोपायची सवय मात्र अजून पुरती सुटलेली नाही. पॅड कोरडं असताना तो अधूनमधून गादीवरच करतो आणि तिथेच पडून राहतो. परवा आजी आल्या तेव्हा तो उठून गादीवरून खाली उतरला, पॅडपर्यंत गेला आणि अर्धी शू पॅडवर, अर्धी फरशीवर केली. भाचीने मला त्याचा फोटो पाठवला, आणि ज्या तिघांनी तिला तो मेसेज पाठवला होता त्यांना वयाप्रमाणे मिनिटांचा आणि तासांचा तो तक्ता.